बीपी सुनेचा, वारसा दोन्ही घरांचा

बाळंतपणात झटके येऊन गेलेली एखादी खाला किंवा फुफी आपल्याकडच्या पुष्कळ घरांच्या आठवणीत असते. कोणी नजर म्हणते, कोणी आसेब. आमची बीड जिल्ह्यातल्या माय-बहिणींना विनंती आहे की ही हकिकत चुलीपाशीच ठेवू नका, तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. गरोदरपणातल्या अशा झटक्यांमागे बहुधा प्री-एक्लॅम्पसिया हा आजार असतो आणि तो काही अंशी घराण्यातून येतो.

पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखते, तोंडा-हातांवर सूज चढते. कधी काहीच जाणवत नाही, म्हणून तर बीपी मोजायचा. या दुखण्याचे मूळ वारेत आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या हव्या तशा रुंद झाल्या नाहीत, की वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते जे तिच्या रक्तवाहिन्यांना इजा करतात.

आई किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झालेला असेल तर धोका सुमारे दोन ते तीन पट होतो. इथपर्यंत ठीक, पण सासरची मंडळी इथेच थांबून "हिच्या माहेरचीच खोड" म्हणतात, ते चूक आहे. वार बाळाची असते आणि बाळात बापाचा निम्मा वाटा असतो. २०१७ साली शास्त्रज्ञांना या आजाराशी निगडित जनुकीय खूण सापडली, ती एफएलटी-१ या जनुकाजवळ, आणि तीही आईच्या नव्हे, बाळाच्या जनुकांत. नॉर्वेतल्या १९९८ च्या अभ्यासात दिसले होते की ज्या पुरुषाच्या एका पत्नीला हा त्रास झाला, त्याच्यापासून दुसऱ्या स्त्रीला दिवस गेले तर तिचाही धोका जवळजवळ दुप्पट असतो. तेव्हा सासूबाईंनी आपल्या बाळंतपणात काय झाले होते तेही सुनेला सांगावे. लग्न नात्यातलेच असेल तर दोन्हीकडचा इतिहास एकाच घरात मिळतो, विचारणे सोपे.

हे नशीब मात्र नव्हे. घराण्यात असूनही बहुतेकींना काही होत नाही. आणि पहिलटकरीण, जुळी, आधीचा बीपी किंवा मधुमेह असलेल्या बहिणींना घराण्यात नसतानाही होऊ शकते.

आधी सांगण्याचा फायदा वेळेचा आहे. धोका जास्त दिसला तर डॉक्टर कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू व्हावी लागते. स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नये. आपल्या जिल्ह्यात अडचण अशी, की दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या बाईचे हेच आठवडे फडात जातात. कोयत्याची उचल घेताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात बीपी, लघवी तपासून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्याही याच आजारासाठी उपयोगी आहेत. फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत. रमजानात गरोदर स्त्रीला रोजा पुढे टाकण्याची सवलत शरीअतने दिली आहे. बीपीच्या गोळ्या चालू असताना ती न घेण्याचा हट्ट कशाला?

झटके आलेच तर दुआ जरूर करा, पण आधी १०८ ला फोन लावा. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल तिथे न्या. यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आहे. वेळेत मिळाले तर झटक्यांची शक्यता निम्म्याने घटते, असे २००२ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. आणि बाळ झाले म्हणजे सुटलो असे समजू नये. झटके बाळंतपणानंतरही येतात. चाळीस दिवसांच्या आत बाळंतिणीचे डोके दुखू लागले तर झोप झाली नसेल म्हणून सोडून देऊ नका, आशाताईंना बोलावून त्याच दिवशी बीपी मोजून घ्या.