सोनोग्राफीत न दिसणाऱ्या पेशी

पाळी लांबतेय म्हणून पुण्याच्या खराडीतली एखादी मुलगी सोनोग्राफी करून येते आणि रिपोर्टमध्ये सगळ्यांची नजर जाते ती बीजकोषांवर. पीसीओडी आहे की नाही? त्याच कागदावर गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. त्या मोजक्या मिलिमीटरांत काय घडतं हे कळलं, की थक्क व्हायला होतं.

स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्याच्या प्रभावाखाली अस्तरातल्या पेशी इंटरल्यूकिन-१५ नावाचं प्रथिन बनवतात आणि तिथे ‘नॅचरल किलर’ जातीच्या प्रतिकारपेशी झपाट्याने वाढतात. रक्तातल्या किलर पेशी विषाणूग्रस्त पेशींचा नाश करतात. गर्भाशयातल्या किलर पेशी मात्र अस्तरातल्या नागमोडी रोहिण्या रुंद व्हायला मदत करतात, म्हणजे पुढे गर्भाला रक्त कमी पडू नये! गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या दर १० प्रतिकारपेशींपैकी सुमारे ७ याच असतात. निम्मी जनुकं वडिलांची असलेला गर्भ आईचं शरीर परका म्हणून नाकारत कसं नाही, असा प्रश्न शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला होता. त्याच्या उत्तरातला एक मोठा दुवा इथे आहे.

पीसीओडीत, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पीसीओएसमध्ये, कित्येकदा महिनोन्‌महिने बीज सुटतच नाही. मग प्रोजेस्टेरॉन कुठून येणार? त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे, बीज सुटलं तरी अनेकींचं अस्तर प्रोजेस्टेरॉनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. काही अभ्यासांत अशा अस्तरात किलर पेशी कमी, तर दाह वाढवणाऱ्या मॅक्रोफेज पेशी जास्त आढळल्या. अस्तर रोज बदलत असल्यामुळे नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर निष्कर्ष हलतात, हेही खरं.

दाहाचा धागा इन्सुलिनपर्यंत जातो, आणि तिथे पुणं भेटतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१ टक्के. बारीक शरीरात लपलेली चरबीही इन्सुलिनचं काम बिघडवू शकते आणि पीसीओडीचा इन्सुलिनशी जवळचा संबंध आहे, म्हणून ‘बारीक आहेस, तुला कसलं पीसीओडी’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं.

मूल हवं असो वा नसो, या अस्तराकडे लक्ष द्यायलाच हवं. प्रोजेस्टेरॉनशिवाय नुसत्या इस्ट्रोजेनवर ते वर्षानुवर्षं वाढत राहिलं तर कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी तीन-तीन महिने आली नाही, की डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात त्या याचसाठी.