भिंतीची ओल आणि मुलांचा खोकला

पावसाळा सरला की धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी आपण घराला रंग काढतो. पोपडे खरवडून, डागांवर दोन हात मारून भिंत नवी करतो. दोन महिन्यांत तेच डाग पुन्हा वर येतात. त्या भिंतीला लागून झोपणाऱ्या लेकराचा खोकला मात्र मधल्या काळातही थांबलेला नसतो.

कोपऱ्यातले काळे ठिपके म्हणजे बुरशी. भिंत एक-दोन दिवस सतत ओली राहिली तरी ती धरू लागते. कपाटामागे, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे, जिथे हवा खेळत नाही तिथे आधी पाहा. तिचे बारीक कण श्वासातून आत जातात. ओलसर घरात खोकला, छातीतली घरघर आणि दमा वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली खास मार्गदर्शिका काढून सांगितले आहे.

म्हणून रंगाआधी पाणी कुठून येते ते शोधा. जमिनीलगत दोन-तीन फूट ओल आणि वर पांढरा खार असेल, तर दिव्याच्या वातीत तेल चढते तसे पाणी जमिनीतून विटांमध्ये चढते आहे. डाग छताखाली असून पावसात वाढत असेल तर छत किंवा वरचा मजला गळतो. पाऊस नसतानाही जागा ओलीच असेल तर नळ, नाहीतर मोरी.

पत्र्याच्या खोलीत चौथी गोष्ट असते, ती म्हणजे वाफ. भात शिजतो, कपडे आतच वाळतात, पाच-सहा माणसे झोपतात. पहाटे थंड पत्र्यावर थेंब जमतात. नक्की कळत नसेल तर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन दिवसांनी मागच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतली, पुढे असेल तर खोलीतल्या वाफेची. वाफेला झरोका आणि भांड्यावर झाकण पुरते. जमिनीच्या ओलीवर मात्र लोक सिमेंटचा जाड गिलावा थापतात. पैसा जातो आणि कोंडलेली ओल आणखी वर चढते. त्यापेक्षा भिंतीला टेकलेली माती, राडारोडा आधी काढा, गटाराचे पाणी पायापासून दूर वळवा.

बुरशी कोरडी खरवडू नका, घरभर उडते. नाकातोंडाला कापड बांधा, मुलांना बाहेर पाठवा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ओल्या भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा, तोवर चालू करू नका.

मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर त्याच क्षणी दवाखान्यात न्या. साध्या खोकल्यासाठी गेलात तरी घरात ओल आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गर्दीत ते विचारतीलच असे नाही.