रत्नागिरीचा किनारा : समज आणि वस्तुस्थिती

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे रस्ता फुटतो त्या हातखंब्याच्या परिसरातील जांभ्याच्या सड्यावरची असंख्य छिद्रे पाहिली आणि परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवल्याची कथा आठवली, की हा सडा म्हणजे लाटांनी पोखरलेला जुना समुद्रतळ असावा असे सहज वाटते. भूशास्त्राला मात्र ते मान्य नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला काळा कातळ पावसाळ्यात भिजत आणि उन्हाळ्यात तापत जागच्या जागी कुजला, त्यातील सिलिका झिरपत्या पाण्याबरोबर निघून गेली, आणि मागे उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा जांभा झाला.

लाट किनाऱ्याकडे पाणी वाहून आणते, हाही असाच एक समज. खोल समुद्रात पाणी जवळजवळ जागच्या जागी वर्तुळाकार फिरते आणि पुढे सरकते ती ऊर्जा. तरंगलांबीच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतराच्या निम्म्याहून खोली कमी झाली, की लाटेला तळ जाणवतो, तिचा उथळातील भाग मंदावून ती वळते आणि तिची ऊर्जा रत्नदुर्गासारख्या भूशिरावर एकवटते, तर आत वळलेल्या किनाऱ्यावर विखुरते. म्हणून एकीकडे कडा तुटत असताना जवळच पुळण साचू शकते. कडा नुसत्या पाण्याने तुटत नाही : भेगांत कोंडलेली हवा आणि लाटेने आपटलेले गोटे यांचा त्यात मोठा वाटा असतो.

मांडवीची काळी वाळू अनेकांना घाण वाटते, आणि हा गैरसमज किनाऱ्यावर अन्यायच करणारा आहे. तिचा काळेपणा इल्मेनाइट व मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजांचा आहे. ती मूळच्या काळ्या कातळातील असून हातखंब्याच्या दक्षिणेने वाहणाऱ्या काजळीसारख्या नद्या ती खाली आणतात. परतणारी लाट हलके कण ओढून नेते आणि क्वार्ट्‌झच्या दीडपटीहून अधिक घनतेचे हे कण मागे राहतात. कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवला, तर त्याला काळ्या कणांची मिशी फुटते.

राहिला धूपप्रतिबंधक बंधारा. तो मागची जमीन राखतो, पुळण नव्हे. उभ्या भिंतीवरून परतलेली लाट पायथ्याची वाळू उपसते.