मृत्युसमीप अनुभव (ख्रिस्ती दृष्टिकोन)

मृत्युसमीप अनुभव म्हणजे मृत्यूच्या जवळ जाऊन वाचलेल्या व्यक्तींनी सांगितलेले प्रकाशदर्शन, शांती, देहाबाहेर असल्याची जाणीव इत्यादी अनुभव. रेमंड मूडी यांच्या 'लाइफ आफ्टर लाइफ' (१९७५) या पुस्तकामुळे हा विषय सर्वपरिचित झाला. पिम व्हान लोमेल यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या ३४४ डच रुग्णांपैकी ६२ जणांनी असे अनुभव सांगितले. बेशुद्धावस्थेत पाहिल्याचे सांगितलेल्या आणि नंतर पडताळता आलेल्या गोष्टी, हा ख्रिस्ती अभ्यासक गॅरी हॅबरमास यांच्या मते मरणोत्तर जाणिवेचा पुरावा होय. इतर ख्रिस्ती विचारवंतांचा आक्षेप असा की, हे रुग्ण मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेले असतात. शिवाय असे अनुभव अन्य धर्मीयांनाही येतात. त्यामुळे ते ख्रिस्ती आशेचा आधार या अनुभवांना नव्हे, तर येशूच्या पुनरुत्थानाला मानतात.