वाढीचा दर आणि टँकरची वेळ

देशाची अर्थव्यवस्था अमुक टक्क्यांनी वाढली, अशी बातमी आली की आपण बायका सरळ पान उलटतो. ती घरातल्या पुरुषांनी चहा पिताना वाचायची बातमी! पण मैत्रिणींनो, त्या टक्क्यांशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

आता आमच्या खर्डीचंच घ्या. लोकल आहे, मुंबई-नाशिक महामार्ग आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही आमच्या शहापूर तालुक्यातून जातो. रस्ते झाले की माल हलतो, कारखाने येतात, हातांना काम मिळतं, हे बी.ए.ला मीही पाठ केलं होतं. खोटं नाहीच ते. मोसमाप्रमाणे करवंदं, जांभळं, रानभाज्यांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलने कल्याणला जाणाऱ्या आमच्या बायका संध्याकाळी घरात रोख पैसा आणतात.

पण ती लोकल सगळ्याजणींना कुठे पकडता येते?

मुंबईसाठी आमच्या तालुक्यात १८९२ साली तानसा धरण झालं, १९५७ साली मोडकसागर, पुढे भातसा. आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. अन् इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट! बचत गटातल्या एकीला आसनगावला पॅकिंगचं काम मिळत होतं. ती नको म्हणाली. मी जरा रागावलेच. तर म्हणते कशी, "ताई, टँकर कधी येईल त्याचा काय नेम? मी कामावर अन् टँकर दारात, मग पोरं पिणार काय?"

डोक्यावरचा हंडा सगळ्यांना दिसतो, त्याचे फोटोही छापून येतात. हे दिवसभर ताटकळणं मात्र कुणाला दिसत नाही. पाणी दोन हंडे, पण त्यापायी मजुरी बुडते अख्ख्या दिवसाची.

२०२४ च्या सरकारी वेळ-पाहणीत बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, ते करणारा पुरुष ८८. घरातल्या या राबण्याची राष्ट्रीय उत्पन्नात दमडीही धरत नाहीत. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये जवळजवळ ४२ वर गेलं. आनंदच आहे. पण त्यात घरच्या शेतीत, दुकानात बिनमजुरीने राबणाऱ्याही पुष्कळ आहेत, हे विसरायचं नाही. बायकांच्या नोकरीचा, मिळकतीचा अभ्यास करणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे विषय काही चुलीपुरता नाही!

नळ बऱ्याच पाड्यांवर आले आहेत. त्यांना बारमाही पाणी येईल तेव्हा येईल. तोवर गटातल्या बायकांनी ग्रामसभेत एकच मागणी लावून धरली आहे: टँकरचा वार आणि वेळ आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. खडूचाच काय तो खर्च.