वेगाचें मोल आणि भरवशाचें मोल
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक लहानसा तंटा झाला. थोरल्या मुलीची शिकवणी मोबाइलवर रात्रीं आठ वाजतां असे, आणि ती नेमकी आठालाच तुटे. वडिलांनीं त्रासून शंभर रुपये अधिक घातले व वरचा प्लॅन घेतला. दुपारीं चित्रपट झरझर उतरूं लागले. शिकवणी मात्र पूर्ववत् तुटत राहिली. "मास्तर, मग हे शंभर रुपये मीं दिले तरी कशाचे?" असें त्या गृहस्थांनीं मला विचारलें. मीं जन्मभर शाळेंत अंकगणित शिकविलें. मला वाटलें, उत्तर त्रैराशिकाइतकें सोपें असेल. तें तसें नव्हतें, म्हणूनच आज तो प्रश्न आपणांपुढें ठेवीत आहें.

मोबाइलचा वेग ही पिशवींत घालून घरीं आणावयाची वस्तु नव्हे. एका मनोऱ्याच्या टापूंत जितकीं माणसें असतील तितक्यांनीं त्याच्या वाट्यास आलेल्या लहरी वांटून घ्यावयाच्या असतात. चाळींतील सामाईक नळाची जुन्या मंडळींस आठवण असेलच. दुपारीं एकटा मनुष्य गेला तर घागर क्षणांत भरे. सकाळीं सहाला रांग लागली कीं धार बारीक. रात्रीं आठ ही या नळाची सकाळची वेळ होय. वरच्या प्लॅननें पुष्कळदां मिळते ती मोठी घागर, म्हणजे दिवसाचा अधिक डेटा; धार वाढत नाहीं. फाइव्ह-जीची मुभा मिळाली तर दुसरा, रुंद नळ मिळतो खरा. परंतु त्यासाठीं ज्या लहरी मुख्यत्वेंकरून वापरतात त्या अधिक वारंवारतेच्या असल्यामुळें जाड भिंतींतून आंत येतांना बऱ्याच क्षीण होतात. आमच्या शेजाऱ्यांचा मोबाइल गच्चीवर नव्या नळाला लागे आणि माजघरांत आला कीं जुन्या रांगेंत उभा राही.

रांगेंतला पुढचा नंबरच विकण्याचा प्रयत्नहि आपल्या देशांत होऊन गेला आहे. २०१९ च्या अखेरीस व्होडाफोन-आयडियानें व २०२० मध्यें एअरटेलनें अधिक पैसे भरणाऱ्या ग्राहकांस अधिक वेग देण्याच्या योजना काढल्या. जुलै २०२० मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें त्या थांबविण्यास सांगून विचारलें कीं, यामुळें इतर ग्राहकांच्या सेवेस उणेपणा येतो कीं नाहीं? व्होडाफोन-आयडिया अपील-न्यायाधिकरणाकडे गेली व तिला तात्पुरता दिलासाहि मिळाला. कायद्याची बाजू कायदेपंडितांनीं पाहावी. पण नळ एकच असतां एकास पुढें घेतलें तर कोणीतरी मागें सरणारच, एवढें बेरीज-वजाबाकी येणाऱ्यास कळतें.

आतां लोक वेगासाठीं किती द्यावयास तयार असतात, हें कळावें कसें? नुसतें विचारल्यास सगळेच "हो, देऊं कीं" म्हणतात. विचारणाऱ्यापुढें पाकीट उघडावें लागत नाहीं ना! म्हणून अर्थशास्त्रज्ञ एक युक्ति करतात. दोन-तीन पर्याय मांडावयाचे. एकांत वेग अधिक पण भरवसा कमी, दुसऱ्यांत भरवसा अधिक व किंमतहि अधिक. आणि एक निवडावयास सांगावयाचें. अशा अनेक निवडींवरून प्रत्येक गुणाची किंमत हिशेबानें काढतां येते. रॉस्टन, सॅव्हेज व वॉल्डमन या तिघांनीं २०१० मध्यें अमेरिकेंतील घरगुती इंटरनेटविषयीं असेंच पाहिलें. सामान्य कुटुंब मंद वेगाऐवजीं जलद वेगासाठीं दरमहा सुमारें ४५ डॉलर अधिक देण्यास तयार होतें. आणि मंदाऐवजीं अतिजलद वेगासाठीं? अवघे ४८! अधिक भरवशासाठीं मात्र तेंच कुटुंब २० डॉलर देत होतें. म्हणजे गरज भागली कीं वेगाची गोडी तीन डॉलरांवर येते, आणि न तुटण्याची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते. तो अभ्यास तारेच्या जोडणीचा, परदेशचा व आतां जुना. तरी माणसाचा स्वभाव त्यांत ओळखूं येतो.

आपल्याकडे तर लोकांनीं पाकिटानेंच उत्तर दिलें. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ आली व डेटा इतका स्वस्त झाला कीं त्याला किंमत असते हेंच आपण विसरलों. पुढें जुलै २०२४ मध्यें दर चढले. जिओचा रोजच्या दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. (महिन्याचे २८ दिवस मानल्यानें वर्षास तेरा वेळां पैसे भरावे लागतात, हें माझ्या विद्यार्थ्यांनीं तरी ध्यानांत घ्यावें.) त्या एका महिन्यांत जिओ, एअरटेल व व्होडाफोन-आयडिया तिघींचेहि ग्राहक घटले आणि बीएसएनएलचे सुमारें २९ लाखांनीं वाढले, तेव्हां बीएसएनएलची फोर-जी सेवा देशभर पोंचलेलीहि नव्हती. यावरून लोकांना वेग नको, असें कोणी म्हणेल. पण पुष्कळांजवळ दोन सिमें असतात. एक सोडलें म्हणजे मनुष्य गेला असें नव्हे. शिवाय वर्षाच्या अखेरीस तो ओघ ओसरलाहि. मला यांत इतकेंच दिसतें कीं, वेगासाठीं किती द्यावें हें मनुष्य वेगाकडे पाहून ठरवीत नाहीं. आपल्या मिळकतीकडे पाहून ठरवितो. इच्छा आणि ऐपत या दोन गोष्टी असून पाहणीच्या कोष्टकांत त्या एकाच रकान्यांत पडतात.

आमच्या शेजाऱ्यांनीं शेवटीं काय केलें? शंभर रुपयांचा वरचा प्लॅन सोडला आणि घरांत तारेची जोडणी घेतली; तिला महिना पांचशेंच्या आसपास पडतात. शंभरांसाठीं कुरकुरणारे गृहस्थ पांचशें मुकाट्यानें भरतात, कारण आठाची शिकवणी आतां तुटत नाहीं. मीं त्यांस म्हटलें, "आपला प्रश्न सुटला, आपणांस वेग नको होता, भरवसा हवा होता." ते हंसले.

हल्लीं रात्रीं आठाला त्यांच्या माजघरांत मुलीशेजारीं आमच्या रखवालदाराचा मुलगाहि वही घेऊन बसतो. त्याच्या घरीं मोबाइल एकच, आणि तो त्या वेळीं वडिलांबरोबर फाटकावर असतो.