खांद्यातील खुंटी आणि तिची छायाचित्रे

पावसाळ्यात मावळात पाय घसरण्याच्या जागांना तोटा नाही. भातखाचराचा ओला बांध, लोहगडाच्या शेवाळलेल्या पायऱ्या, भुशी धरणाचा सांडवा. पडताना माणूस हात टेकतो आणि हाड शाबूत राहिले, तरी खांद्यातील स्नायुबंध तुटू शकतो. वयोमानाने झिजलेला बंध तर किरकोळ हिसक्यानेही तुटतो. मग डोक्यावर हात नेणे, सदरा घालणे, कुशीवर झोपणे, सारेच अवघड होते.

चार स्नायूंचे बंध दंडाच्या हाडाच्या माथ्याला टोपीसारखे वेढून असतात. यालाच 'रोटेटर कफ' म्हणतात. शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साह्याने हाडात छोट्या खुंट्या, म्हणजे 'अँकर', बसवतात आणि त्यांत ओवलेल्या दोऱ्यांनी तुटलेला बंध हाडाशी बांधतात. बंध हाडाशी नैसर्गिकरीत्या जुळू लागेपर्यंत, साधारण पहिले तीन महिने, ताण या खुंट्या-दोऱ्यांनी सोसायचा असतो. पूर्ण बळकटी येण्यास त्याहूनही अधिक काळ लागतो.

लोणावळ्याचा क्ष-किरणांशी परिचय जुना आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत शरीरात काय घडते, याचा अभ्यास त्यांनी क्ष-किरणांच्या आधारे केला. आधी नेमका प्रश्न, मग चित्र; हा क्रम खांद्याच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरतो.

कोणती तपासणी काय दाखवते?

टायटॅनियमची खुंटी क्ष-किरण चित्रात स्वच्छ दिसते. ती जागची हलली आहे का, हे जुन्या चित्राशी तुलना केल्यावर कळते. परंतु 'पीक' या प्लॅस्टिकसदृश पदार्थाची किंवा शरीरात विरघळणारी खुंटी त्यात दिसत नाही. फार तर तिच्यासाठी पाडलेले छिद्र दिसते. 'डॉक्टरांनी काही बसवलेच नाही की काय?' अशी शंका त्यामुळे घेण्याचे कारण नाही. विरघळणाऱ्या काही खुंट्या पूर्ण नाहीशा होण्यास काही वर्षे लागतात.

बंध जुळला की नाही, हे मात्र क्ष-किरण सांगत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. सोनोग्राफी स्वस्त असते आणि हात हलवत असताना करता येते. पण ती करणाऱ्याच्या अनुभवावर बरेच अवलंबून असते. एमआरआयमध्ये धातूच्या खुंटीभोवतीचे चित्र विस्कटते. हाडातील पोकळी नीट पाहायची असल्यास सीटी स्कॅन उपयोगी पडते.

अहवालाची भीती

'खुंटीभोवती द्रव' किंवा 'हाडात पोकळी' हे शब्द वाचून रुग्ण हादरतात. विरघळणाऱ्या खुंट्यांभोवती असे बदल वारंवार आढळतात आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पहिल्या काही महिन्यांत जुळणारा बंधही एमआरआयमध्ये सदोष भासू शकतो. म्हणून तक्रार नसताना घाईने तपासणी केल्यास उत्तराऐवजी गोंधळच पदरी पडतो.

खरा धोका वेगळाच आहे. वेदना थांबली म्हणजे बंध जुळला, असे नव्हे. दुखणे कमी होताच कोणी हंडा उचलतो, कोणी शेतात उतरतो, कोणी सुळक्यावर चढतो. बंध पुन्हा तुटण्याचे प्रकार बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतच घडतात. वाढते वय, ठिसूळ हाडे, मधुमेह आणि धूम्रपान हा धोका वाढवतात. ठिसूळ हाडातून खुंटी उपटून सांध्यात आली, तर कूर्चेला इजा होते.

पडल्यावर अचानक ताकद गेली, खांद्यात करकर आवाज होऊ लागला, शांत झालेली वेदना उलटली, ताप आला किंवा जखमेतून स्राव होऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता शल्यचिकित्सकांकडे जावे.

मोठ्या तपासणीसाठी तळेगाव किंवा पुणे गाठताना शस्त्रक्रियेचे कागद, खुंटीचा प्रकार नोंदवलेले लेबल आणि जुनी सर्व चित्रे सोबत न्यावीत. एमआरआयपूर्वी शरीरातील धातूची कल्पना तेथील तंत्रज्ञांना द्यावी. एकट्या चित्रापेक्षा दोन चित्रांतील फरक अधिक बोलका असतो; आणि हात किती उचलला जातो, किती जोर लावतो, हे पाहिल्याशिवाय कोणतेही चित्र पुरते वाचता येत नाही.